संताची गोष्ट बटणावर

संताचं चरित्र एका बैठकीत वाचून दाखवलं की पोरं दुसऱ्या पानालाच पळतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया घरी शिकवताना हे करून बघा.

१. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आशियाचा ओबडधोबड नकाशा काढा. आधी आपलं कोल्हापूर, मग वसई, जपान, मनिला.

२. ५ फेब्रुवारीच्या, म्हणजे त्यांच्या हौतात्म्याच्या दिवसाच्या, आधीचे चार दिवस, जेवणं झाली की शर्टाचं बटण एकेक मुक्काम पुढे: वसईतलं बालपण, जपानमधला व्यापार, मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघात बंधू, परत जपान. बटण पोरांनीच सरकवायचं. त्यावरून भांडणं होतात, होऊ द्यात. भडंगाची वाटी पुढ्यात असेल तर बैठक लांबते.

१५९७ चं नागासाकीतलं हौतात्म्य लहानग्यांना एका वाक्यात सांगा. क्रुसाचे तपशील थोरल्यांनाच.