मुलांना तारे दाखवायचेत? मग आधी फक्त मृग दाखवा

पहिल्याच रात्री 27 नक्षत्रं, 88 तारकासमूह असलं काही पोरांपुढे ओतू नका, पाच मिनिटांत "झोप आली" सुरू होतं. एकच धरा, मृग. डिसेंबर ते मार्च अंधार पडला की दिसतं, शहराच्या उजेडातही, कारण मधले तीन तारे एका रेषेत असे काही बसलेत की एकदा दाखवले की पोरं स्वतःच शोधतात.

गोष्ट आयतीच आहे. चार कोपऱ्यातले तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि मारला कोणी? बाणाची रेष एका बाजूला वाढवत न्या, जो सगळ्यात झगझगीत तारा लागेल तो व्याध. उलट्या बाजूला गेलं की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते मोजायला लावा, साधारण सहा दिसतात पण भांडणं होतात, होऊ द्या :)

आता रंग. मृगाच्या चार पायांतला काक्षी (इंग्रजीत Betelgeuse) तांबडट आणि राजन्य (Rigel) निळसर पांढरा, विचारा यातला जास्त गरम कुठला? सगळे तांबडा म्हणणार. खरं तर काक्षीचा पृष्ठभाग साधारण 3500 अंश आणि राजन्य 12000 च्या आसपास, म्हणजे निळाच तापलेला.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला 8.6 वर्षं लागतात, म्हणजे मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर आज दिसतोय तो उजेड त्याच्या जन्माच्या आसपास निघालेला. रोहिणीचा 65 वर्षांपूर्वीचा, तो आजी-आजोबांना देऊन टाका.

बाकी तयारी फार नाही. चंद्र नसलेली रात्र बघा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात तेवढा वेळ मोबाईल बंद, टॉर्च लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावा. स्टार मॅपचं अ‍ॅप चांगलं असतं पण ते नंतर, आधी दिलं की पोरं स्क्रीनच बघत बसतात. ढग असले तर काळ्या कार्डपेपरला टाचणीने भोकं पाडून मृग बनवा आणि अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारा.

मृग पाठ झालं की एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी घ्या, तिथे शेपटीतल्या वसिष्ठाशेजारची बारीक अरुंधती कोणाला दिसते याची शर्यत लावता येते.