पवनचक्कीच्या पात्यांवरचा असमान भार: पिच कंट्रोलमधल्या या चुका टाळा

वारा रोटरवर (फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर) सगळीकडे सारखा कधीच लागत नाही. वर जोर जास्त, खाली कमी आणि पातं टॉवरसमोरून जाताना भार क्षणभर उतरतो. म्हणून प्रत्येक पात्याच्या मुळाशी दर फेऱ्याला एकदा भार चढतो-उतरतो. यालाच १पी म्हणतात. प्रत्येक पात्याचा कोन (पिच) स्वतंत्रपणे बदलून (इंडिव्हिज्युअल पिच कंट्रोल, म्हणजे आयपीसी) हा चढउतार बराच कमी करता येतो. पण आधी मशीन ठीक हवं.

यांत्रिक दोष कंट्रोलरच्या गळ्यात मारू नका. तिन्ही पाती सारखी असतील, तर त्यांचा १पी भार नॅसेलपर्यंत (टॉवरवरच्या यंत्रकक्षापर्यंत) येताना स्थिर भारात बदलतो आणि हेलकावे मुख्यतः ३पीचे (फेऱ्याला तीनदा येणारे) दिसतात. नॅसेलच्या कंपनांत १पी ठळक दिसत असेल, तर एखाद्या पात्याचा शून्य कोन चुकलेला आहे किंवा वजनाचा तोल बिघडलेला आहे. नेहमीचा आयपीसी लूप (मोजमाप आणि दुरुस्तीचं चक्र) हा दोष काढू शकत नाही. कोन पुन्हा सेट करा, मगच पुढे जा.

सगळ्यात जास्त घोळ फेजमध्ये, म्हणजे दुरुस्तीची वेळ साधण्यात होतो. आयपीसी तिन्ही पात्यांचे भार कोलमन रूपांतर या गणिताने टिल्ट (वर-खाली कलणं) आणि यॉ (डावी-उजवीकडे वळणं) अशा दोन स्थिर अक्षांवर आणतं आणि हिशोब करून परत पात्यांकडे पाठवतं. रोटर मिनिटाला १२ फेरे घेत असेल, तर एक फेरा ५ सेकंदांचा. पिच यंत्रणेत फक्त ०.३ सेकंद उशीर झाला, तरी पातं तोवर सुमारे २२ अंश पुढे गेलेलं असतं. मग टिल्टची दुरुस्ती यॉमध्ये गळते, आणि ही चूक ९० अंशांकडे सरकली की लूप अस्थिर होतो. तपासणी सोपी आहे: लूप उघडा ठेवून (आपोआप दुरुस्ती बंद करून) फक्त टिल्टला अर्धा अंश पिच द्या. सोबत यॉचा भारही हलला, तर दोन्हींच्या गुणोत्तरावरून अझिमथमध्ये (रोटर किती फिरला त्या कोनात) किती अंश भर घालायची ते निघतं. वारा अस्थिर असतो, म्हणून सरासरी लांब घ्या. पात्यांचा क्रम उलटा जोडला गेला असेल, तर टिल्ट-यॉचे सिग्नल फेऱ्याला दोनदा डोलतात. ही खूण लक्षात ठेवा, वायरिंग तपासण्याचे कित्येक तास वाचतात.

पात्यांवरचा ताण मोजणाऱ्या स्ट्रेन सेन्सरचं वाचन तापमानाने सरकतं. एकाच पात्याचा सेन्सर सरकला, तर रूपांतरानंतर तो खोटा १पी म्हणून दिसतो. हलक्या वाऱ्यात रोटर सावकाश फिरू द्या आणि वाचन पात्याच्या वजनाने येणाऱ्या भाराशी ताडून पाहा.

गेन (दुरुस्तीचा जोर) वाढवत नेण्याचा मोह आवरा. दोन्ही बाजूंना २-२ अंशांच्या झुल्याला त्याच १२ फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला २.५ अंश पिच वेग लागतो आणि बेअरिंग सतत त्याच छोट्या पट्ट्यात घासतं. तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि बेअरिंगमधली गोळ्यांची वाट झिजते. रेटेड वेगाच्या (वाऱ्याच्या ज्या वेगाला पूर्ण क्षमतेची वीज मिळू लागते त्याच्या) बऱ्याच खाली आयपीसी चालू ठेवल्यास वीज घटते, म्हणून ते रेटेडजवळ हळूहळू आणा. पिच मर्यादेला टेकली की इंटिग्रेटर (चुकांची बेरीज करत जाणारा कंट्रोलरचा भाग) थांबलाच पाहिजे.

निकाल तपासताना वाऱ्याचा वेग आणि टर्ब्युलन्स (वाऱ्याची खळबळ) सारखे असलेलेच दहा-दहा मिनिटांचे नमुने एकमेकांशी ताडा. पात्याच्या मुळाचा भार किती घटला, त्याच्या शेजारच्या रकान्यात पिचचा एकूण प्रवास अंशांत लिहा.