अंदमानातली दोन ‘हिरवी’ कबुतरं: ओळखताना या चुका टाळा

पहिला घोळ नावानंच घातलाय. एक ग्रीन इम्पीरियल पिजन, दुसरं अंदमान ग्रीन पिजन. त्यातलं इम्पीरियल हिरवं असतं ते पाठीवर आणि पंखांवर. डोकं, मान, पोट सगळं राखाडी. दक्षिण अंदमानातल्या चिडिया टापूच्या उंच झाडांखाली उभं राहिलं की दिसतं फक्त पोट. पहिल्या सकाळी मी ‘राखाडी आहे, म्हणजे ग्रीन नव्हे’ असं म्हणून तीन पक्षी सोडून दिले! खालून बघताना शेपटीच्या बुडाशी गडद लालसर तपकिरी पिसं दिसतात का ते पाहा. दिसली तर इम्पीरियल. पाठ बघायची असेल तर उतारावरच्या रस्त्यावरून, झाडाच्या शेंड्याच्या पातळीवर येऊन बघा.

दुसरं कबूतर आपल्या पिवळ्या पायांच्या हरियलच्या गोतावळ्यातलं, पण म्हणून पिवळे पाय शोधत बसू नका. पंखावरच्या पिवळ्या कडा पाहा. नराच्या पाठीवर मरून रंगही असतो, मादीला तो नसतो. नुसत्या आकारावर भरवसा नको. इम्पीरियल पारव्यापेक्षा बरंच मोठं, पण एकटं बसलेलं असलं की अंदाज हमखास चुकतो. त्यापेक्षा कान द्या. इम्पीरियल खोल आवाजात घुमतं, ग्रीन पिजन शीळ घालतं. पानांआड काहीच दिसत नसेल तेव्हा हीच खूण कामाला येते.

सगळ्यात मोठी चूक मात्र ओळखीतली नाही. दोघं एकाच उंबर-वडाच्या जातीच्या झाडावर फळं खाताना दिसतात, म्हणून दोघं जंगलात बिया पेरतात असं सर्रास लिहिलं जातं. ग्रीन पिजनची पेषणी, म्हणजे पोटातला अन्न भरडणारा भाग, जाड आणि दणकट, बऱ्याचशा बिया तिथंच भरडल्या जातात. इम्पीरियलचा जबडा चांगलाच ताणला जातो. जायफळाच्या कुळातली मोठी फळं ते अख्खी गिळतं, गर पचवतं आणि बी शाबूत बाहेर टाकतं, तेही मूळ झाडापासून लांब. मोठ्या बियांच्या झाडांना असे वाहक मोजकेच.

निकोबारला जाणाऱ्यांनी जुनं पुस्तक जपून वापरावं. तिथलं इम्पीरियल पूर्वी ग्रीन इम्पीरियलची उपजात मानत, आता ते निकोबार इम्पीरियल पिजन म्हणून वेगळं नोंदवतात.