विज्ञान प्रदर्शनासाठी प्रश्न निवडताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातील शाळांत तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाची सूचना आली की पहिली चर्चा 'प्रतिकृती कोणती करायची?' याचीच होते आणि प्रकल्पाची वाट तिथेच चुकते. सिरिंजवर चालणारा जेसीबी देखणा असतो, परंतु त्यातून विद्यार्थ्याला आधी ठाऊक नसलेले काही कळतेच असे नाही. प्रतिकृती अवश्य करावी. मात्र ती प्रश्नानंतर.

दुसरी चूक म्हणजे विषयालाच प्रश्न समजणे. 'बेदाणा कसा तयार होतो?' याचे उत्तर तासगावच्या कोणत्याही बेदाणा शेडवर उभ्या उभ्या मिळते. याउलट, 'पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल (द्राक्षे सुकवण्याआधी वापरतात ते तेल) यांच्या द्रावणात बुडवलेल्या द्राक्षांचे वजन न बुडवलेल्या द्राक्षांच्या तुलनेत रोज किती घटते?' असे विचारले, तर काय मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे, हे प्रश्नातच ठरून जाते. सालीवरील मेणाच्या थरावर द्रावणाचा परिणाम होऊन आतील पाणी लवकर बाहेर पडते, हे समजले की विद्यार्थी आपला अंदाजही आधी लिहू शकतो.

इथे बुडवलेली द्राक्षे उन्हात आणि न बुडवलेली सावलीत ठेवली, तर फरक द्रावणाचा की उन्हाचा हे सांगता येणार नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकेक मणी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलणेही निरर्थक आहे, कारण एका ग्रॅमच्या आतला फरक तो काटा दाखवत नाही. प्रत्येक ट्रेमध्ये निदान 200 ग्रॅम द्राक्षे घ्यावीत आणि दोन्ही प्रकारांचे तीन-तीन ट्रे ठेवावेत. द्रावण अल्कधर्मी असल्याने ते शिक्षकांनी हातमोजे घालून तयार करावे आणि प्रयोगातील द्राक्षे कोणी खाऊ नयेत.

हंगामाचा विचार न करणे ही चूक तर सर्रास होते. बेदाण्याचे काम प्रामुख्याने फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चालते. प्रदर्शन त्याआधी असेल, तर बाराही महिने मिळणारी हळद घ्यावी. हळदीचा कागद धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तांबडा होतो. मग ते पाणी किती विरळ केल्यावर रंग बदलेनासा होतो? चिमूटभर सोडा तोलता येत नाही, ही अडचण येईलच. त्यासाठी 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम सोडा विरघळवून दर वेळी अर्धे द्रावण आणि तेवढेच पाणी एकत्र करत जावे.