हॅम रेडिओवरील संपर्काची पोच: कागदावर आणि इंटरनेटवर

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या रेडिओवर, एखाद्या केंद्राशी संपर्क झाला की दोन्ही बाजूंनी एकमेकांना पोचपावती देण्याची जुनी रीत आहे. हॅम मंडळी तिला ‘क्यूएसएल’ म्हणतात. क्यू-संकेतांत, म्हणजे ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी रेडिओ-संकेतांत, या अक्षरांचा अर्थच ‘आपला संदेश मिळाला, ही त्याची पोच’ असा आहे. पोच कार्डाने द्यावयाची असो वा संगणकावरून, तिचा सारा भार लॉगबुकातील नोंदीवर असतो, म्हणून आधी नोंदीकडे पाहू.

समोरच्याचे कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव), तारीख, वेळ, बँड (लहरींचा पट्टा), मोड (आवाज, मोर्स अशी संपर्काची पद्धत) आणि दोन्ही बाजूंचे सिग्नल रिपोर्ट (संदेश कसा ऐकू आला त्याचे आकडे) संपर्क चालू असतानाच लिहून घ्यावेत. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवावी; त्यासाठी भारतीय प्रमाणवेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा करावीत. येथेच सर्वाधिक चुका होतात. ४० मीटर बँडवर दूरची केंद्रे रात्रीच चांगली ऐकू येतात, आणि १५ तारखेला पहाटे २ वाजता झालेला संपर्क यूटीसीप्रमाणे १४ तारखेचा, २०:३० वाजताचा असतो. परवाना मिळाल्याच्या पहिल्या वर्षी मी वेळ बरोबर बदलली, परंतु तारीख आपलीच ठेवली. पहाटेचे ते संपर्क समोरच्यांच्या लॉगमध्ये जुळेनात आणि कार्डे पुन्हा लिहावी लागली. रेडिओशेजारी यूटीसीवर लावलेले वेगळे घड्याळ टांगणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

कार्ड साधारण ९ सेंटिमीटर × १४ सेंटिमीटर आकाराचे असावे. कार्डे गोळा करून पुढे धाडणाऱ्या क्यूएसएल ब्युरोतील वर्गवारीसाठी हेच माप सोयीचे ठरते. त्यावर आपले कॉलसाइन ठळक छापावे. ठिकाण, जिल्हा, सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१ (जगाच्या दोन विभागण्यांतील आपल्या भागाचे क्रमांक) आणि ग्रिड लोकेटर (नकाशावरील आपल्या चौकोनाचा संकेत) हे तपशीलही छापूनच घ्यावेत. ग्रिडचा चौकोन अक्षांशात १ अंश आणि रेखांशात २ अंश असतो, त्यामुळे किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना तो बदलत जातो: अलिबाग एमके६८, दापोली एमके६७, मालवण एमके६६, वेंगुर्ले एमके६५. रत्नागिरीकरांनी विशेष काळजी घ्यावी, कारण १७ अंशांचे अक्षवृत्त शहराला जवळजवळ खेटून उत्तरेकडून जाते. शहर एमके६६ मध्ये येते, तर गणपतीपुळे एमके६७ मध्ये. शेजाऱ्याच्या कार्डावरून लोकेटर उतरवून न घेता आपल्या घराचे अक्षांश-रेखांश पाहूनच तो ठरवावा.

संपर्काचा तपशील हाताने भरताना महिना अक्षरांत लिहावा, कारण ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल हे देशागणिक बदलते. आवाजी संपर्कासाठी ५९, मोर्ससाठी ५९९ असा आरएसटी रिपोर्ट (स्पष्टता, जोर आणि मोर्समध्ये स्वर यांचे आकडे) देतात. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या मोडमध्ये मात्र डेसिबलमधील आकडा जसा मिळाला तसाच लिहावा. एक आकडा जरी चुकला तरी खाडाखोड करू नये, नवे कार्ड घ्यावे; खोडलेले कार्ड संपर्कांसाठी मिळणाऱ्या पुरस्काराच्या तपासणीत नाकारले जाते. समोरच्याचे कार्ड आपल्याला हवे असल्यास ‘कृपया क्यूएसएल’ आणि त्याचे आधीच आले असल्यास ‘आभार’ या चौकटीवर खूण करावी.

कार्ड पाठवण्याच्या दोन वाटा आहेत. थेट टपालाने पाठवताना स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट आणि परतीच्या टपालखर्चाची सोय सोबत द्यावी लागते. ही वाट महाग, पण जलद. क्यूएसएल ब्युरोची वाट स्वस्त, पण संथ: आपल्याकडे अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सदस्यांची कार्डे एकत्र करून देशोदेशीच्या ब्युरोंकडे धाडते, आणि उत्तर यायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. समोरच्याने क्यूएसएल मॅनेजर, म्हणजे आपली कार्डे सांभाळणारा दुसरा हॅम, नेमला असेल तर कार्डावर ‘व्हाया’ लिहून मॅनेजरचे कॉलसाइन ठळकपणे घालावे.

कोकणात पावसाळ्यातील दमटपणाचाही विचार करावा लागतो. पाकिटांचा डिंक आपोआप चिकटतो, शाई फुटते आणि जुन्या कार्डांवर बुरशी धरते. मी बॉलपेन वापरतो आणि कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो; पाऊस सरल्यावर ती एकदा सावलीत पसरून वारवतो. दूरच्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या त्या कार्डांसाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत, असे माझे मत आहे.

इलेक्ट्रॉनिक पद्धतींत दोन्ही बाजूंचे लॉग इंटरनेटवर ताडून पाहणारी ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही सेवा सर्वांत काटेकोर आहे. अमेरिकेतील एआरआरएल ही हॅम मंडळींची संस्था ती २००३ पासून चालवते. टीक्यूएसएल हा प्रोग्राम उतरवून त्यातून डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची विनंती पाठवावी. अमेरिकेबाहेरील अर्जदाराला परवान्याची प्रत आणि आणखी एक ओळखपत्र द्यावे लागते. प्रमाणपत्र आल्यावर आपले ठिकाण व ग्रिड टीक्यूएसएलमध्ये भरावे, लॉग एडीआयएफ या लॉगच्या सर्वमान्य फाइल-स्वरूपात काढावा, त्यावर टीक्यूएसएलमधून डिजिटल सही करावी आणि तो चढवावा. दोन्ही लॉगमध्ये कॉलसाइन, बँड आणि मोड जुळले व वेळेत ३० मिनिटांपेक्षा जास्त फरक नसला, की पोच आपोआप नोंदली जाते. परवान्यात दुसरे ठिकाण असल्यास त्याची नोंद वेगळी करावी, नाहीतर मालवणचे संपर्क दापोलीच्या ग्रिडमध्ये जातील. प्रमाणपत्राची प्रत पेनड्राइव्हवर जरूर ठेवावी. मिरगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की संगणक जळण्याची भीती असतेच.

‘ईक्यूएसएल’ हे दुसरे संकेतस्थळ सोपे आहे आणि तेथे चित्ररूप कार्डही मिळते, पण १०० देश-प्रदेशांशी झालेल्या संपर्कांसाठी मिळणाऱ्या डीएक्ससीसी पुरस्कारासाठी ते चालत नाही. त्या पुरस्काराला कागदी कार्ड किंवा ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ची पोच लागते. म्हणून मी लॉग दोन्हीकडे चढवतो आणि नव्या देशाला कागदी कार्डही धाडतो.

नुसते ऐकणाऱ्या श्रोत्यांचीही कार्डे येतात. त्यांनी लिहिलेली वेळ, बँड आणि आपण त्या वेळी ज्याच्याशी बोलत होतो त्याचे कॉलसाइन लॉगशी ताडून पाहावे, आणि जुळल्यास ‘आपला श्रवण-अहवाल बरोबर आहे’ असे लिहून आपले कार्ड त्यांनाही पाठवावे.