सोयाबीनला मजूर मिळेनात? निदान या चुका टाळा

दसऱ्याच्या आसपास लातूर-धाराशिवकडं सगळ्यांचं सोयाबीन एकदमच वाळतं, गावातली सगळी माणसं सगळ्यांना त्याच आठवड्यात पाहिजे असतात आणि काढणीच्या गुत्त्याचा (ठेक्याचा) भाव बॅगमागं, म्हणजे एक बॅग बियाणं पेरलेल्या रानामागं, रोज चढतो. मग शेवटी हार्वेस्टरवाल्याला फोन. पण बाबांनो, हार्वेस्टरची तयारी जूनमध्येच करावी लागते. रानात ढेकळं, दगड, खड्डे ठेवले की ड्रायव्हर कटर वर धरतो आणि खालच्या शेंगा बुडख्यालाच राहतात. दुसरं म्हणजे सगळं रान एकाच वाणाचं नको, थोडं लवकर येणारं ९३-०५, थोडं उशिरा येणारं फुले संगम असं पेरलं की काढणी आठ-दहा दिवस मागंपुढं होते आणि तीच टोळी दोन्हीकडं पुरते.

खुरपायला बायका नाहीत म्हणून तणनाशक, ठीकच आहे. पण तण गुडघ्याला लागल्यावर इमॅझेथापायर मारून पैसे कशाला घालवता? ते तण २-४ पानांवर असताना, पेरणीनंतर १५-२० दिवसांत, रानात ओल असतानाच मारायचं. १० टक्केवालं एकरी ४०० मिली, बास. दुकानदार डबल म्हणाला तरी नको. ओढ्याचं गढूळ पाणी वापरू नका. आणि उसाला टू-फोर-डी तणनाशक मारलेला पंप सोयाबीनला अजिबात नको, नुसता धुऊन भागत नाही, पानं आकसून वाकडी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

हार्वेस्टर रानात शिरला की बांधावर बसून राहू नका, पहिला फेरा झाला की थांबवा आणि दाण्याच्या टाकीत हात घाला. दाण्याची डाळ झालेली दिसली तर मळणीच्या ड्रमचे फेरे कमी करायला लावा. मागं पडलेल्या भुशात मोकळे दाणे दिसले तर पंख्याची हवा कमी. शेंगा न फुटताच बाहेर पडत असतील तर माल अजून ओला आहे, ऊन चढू द्या. उलट फार वाळलं असेल तर सकाळीच उरका, दुपारी कटर लागला की शेंगा तडकतात. ड्रायव्हरला पुढच्या रानाची घाई असते, तो कुरकुरणारच, कुरकुरू दे.

हार्वेस्टरचा माल बियाण्याला ठेवू नका. सोयाबीनचं साल नाजूक, मार बसला की उगवण जाते. बियाण्यापुरता तुकडा हातानंच काढा, थ्रेशर मिनिटाला ३५०-४०० फेऱ्यांवर चालवा, तेवढ्याला घरची माणसं पुरतात. बाकीचा माल टाकीतून थेट आडतीला नेलात तर ओलाव्याची कपात ठरलेलीच, आधी ताडपत्रीवर वाळवून १२ टक्क्यांवर आणा.