गाडी भरायच्या आधी वजन, माप आणि धूर कसा तपासायचा: इंदूरहून माल पाठवणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्याने मागच्या दिवाळीला पहिली सहाचाकी घेतली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन, मामा एवढं भरलं तर चालेल का, मामा ताडपत्री वर गेली तर चालेल का, मामा मीटरवर पिवळा दिवा लागलाय काय करू. त्याला जे जे सांगितलं ते सगळं एकदाच लिहून काढतोय, कारण आपल्या इंदुरात मराठी घरातली बरीच पोरं आता या धंद्यात आलीत आणि ट्रान्सपोर्ट नगरात उभं राहून जी माहिती मिळते ती निम्मी जुनी असते.

पहिली गोष्ट, आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, उघडा. मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये असली तरी चालेल. त्यात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन, ज्याला आपण पासिंग म्हणतो. तुमची मर्यादा म्हणजे हा दुसरा आकडा, बाकी कोण काय म्हणतो ते सोडून द्या. 16 जुलै 2018 ला केंद्र सरकारने अॅक्सलचे (चाकांच्या जोडीला धरणारा आडवा दांडा) आणि गाडीचे वजनाचे आकडे वाढवले, दोन अॅक्सलची सहाचाकी 16.2 टनावरून 18.5 टन झाली आणि सगळ्यात मोठा ट्रॅक्टर-ट्रेलर 49 वरून 55 टनांवर गेला. त्यावरून लोक समजतात की आपली 2015 ची गाडीसुद्धा आपोआप 18.5 ची झाली. तसं नाही. तुमच्या आरसीवर 16.2 लिहिलंय तर तुमची गाडी 16.2 ची, कारण कायद्याने भरलेलं वजन म्हणजे आरटीओने त्या गाडीला मंजूर करून नोंदवलेलं वजन.

आता भरायचं किती ते काढू. पासिंग वजा रिकामं वजन, एवढं सोपं वाटतं, पण इथेच सगळे फसतात. आरसीवरच्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर-क्लीनर धरलेले नसतात, आणि मधल्या काळात तुम्ही लाकडी बॉडीच्या जागी लोखंडी बसवली असेल, वर जाळी लावली असेल, तर गाडी कितीतरी जड झालेली असते. म्हणून गाडी घेतली की एकदा टाकी फुल करून, दोरखंड, ताडपत्री, स्टेपनी, जॅक, दोन्ही माणसं, सगळं ठेवून धरमकाट्यावर, म्हणजे गाडी तोलायच्या काट्यावर, चढवा आणि ती पावती जपून ठेवा. भाच्याची गाडी अशी 6.7 टन निघाली. 18.5 मधून 6.7 गेले की 11.8 टन राहतात, आणि त्याने व्यापाऱ्याला शब्द देताना 11.5 चाच द्यायचा असं मी त्याला बजावलंय, कारण पावसाळ्यात ताडपत्री भिजते, पोती ओल धरतात, चाकाला आणि चेसिसला चिखल चिकटतो आणि काट्यावर आकडा चढतो.

पण एकूण वजन बरोबर आलं म्हणजे सुटलो असं नाही आणि हे मला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय. प्रत्येक अॅक्सलची वेगळी मर्यादा आहे. मागे चार टायरवाला एकटा अॅक्सल असेल तर 11.5 टन, आठ टायरचा टँडम, म्हणजे जोडून लावलेले दोन अॅक्सल, असेल तर 21 टन, ट्रेलरखालचा बारा टायरचा तिहेरी अॅक्सल असेल तर 27 टन. फेब्रुवारीत भाच्याने पीथमपूरहून मशीनचे दोन ओतीव भाग भरले, क्रेनवाल्याने ते सोयीचं म्हणून मागच्या फाळक्याकडे ठेवले, काट्याची पावती 17.9 टन, पोरगा खुश. मला गाडी बघूनच वाटलं की मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जास्तच बसलेत, स्टीअरिंग हलवून पाहिलं तर नको तेवढं हलकं. परत काट्यावर नेली, फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेतली, 5.1 आलं. म्हणजे मागच्या अॅक्सलवर 12.8, सव्वा टनापेक्षा जास्त वर. तो म्हणाला, "मामा, पण काट्यावर तर बरोबर होतं ना!" मी त्याला खाली बसवून पाटे दाखवले, पार सपाट झाले होते. क्रेन पुन्हा बोलावली, दोन्ही भाग चार फूट केबिनकडे सरकवले, खाली लाकडी ठोकळे मारले, साखळीने आवळले आणि पुन्हा तोलली तेव्हा मागे 11.2 आलं. क्रेनचे पैसे गेले, तीन तास गेले, पण गाडी रात्री घाटातून नीट उतरली.

ही युक्ती कोणत्याही धरमकाट्यावर करता येते. आधी पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन थांबायचं, गाडी न्यूट्रलला, ब्रेक सोडलेला, आकडा लिहायचा, मग पूर्ण गाडी चढवून दुसरा आकडा, आणि वजाबाकी म्हणजे मागचा अॅक्सल. फक्त काट्याचा उतार-चढाव बघा, प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत नसेल तर पुढचं वजन खोटं येतं. काट्यावाल्याला सांगितलं तर बहुतेक जण दोनदा तोलून देतात.

जास्त वजनाने रस्त्याचं काय होतं तेही सांगतो कारण लोकांना वाटतं हा नियम फक्त चालान फाडायला आहे. रस्त्याला बसणारा मार वजनाच्या चौथ्या घाताने वाढतो असं इंजिनिअर लोक धरून चालतात, म्हणजे अॅक्सलवर 20 टक्के जास्त टाकलं तर मार जवळजवळ दुप्पट. आणि ब्रेकचं सांगायला इंजिनिअर लागतच नाही, ज्याने राऊ-खलघाट रस्त्यावर गणपती घाट उतरलाय त्याला विचारा. आता तिथे नवा वळण रस्ता झालाय, पण त्याआधी किती गाड्यांचे ब्रेक तिथे फेल झाले आणि किती माणसं गेली हे आपल्या माळव्यात कोणाला सांगावं लागत नाही. गाडी जड असली की ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरला तरी ड्रम तापतात, ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही. मी स्वतः बिजासन घाटात एका रात्री गाडी बाजूला लावून दीड तास ड्रम थंड व्हायची वाट बघत बसलोय, रबर जळल्याचा तो वास अजून आठवतो.

दंडाचं बोलायचं तर 1 सप्टेंबर 2019 पासून केंद्राच्या कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, म्हणजे तीन टन जास्त भरलं तर 26,000. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. तोलायला नकार दिला, गाडी थांबवली नाही, तर 40,000. अधिकारी तुम्हाला पुढच्या रस्त्यावर 10 किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो. आणि कायद्यात फक्त चालवणारा नाही, चालवायला लावणाराही येतो, त्यामुळे व्यापारी म्हणाला की भर भर मी बघतो, तर त्याला हे वाक्य ऐकवा. 1 जुलै 2024 पासून मध्य प्रदेशने आपले आरटीओ चेकपोस्ट बंद केले म्हणून बरेच जण सैल झालेत, पण फिरती पथकं आहेत, टोलवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे आहेत, आणि तुमचा माल शेवटी महाराष्ट्रात किंवा गुजरातेत जाणारच आहे. कोणी म्हणेल अमक्या राज्यात महिन्याचं कार्ड मिळतं, तर सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच सांगून ठेवलंय की कोणतंही राज्य पैसे घेऊन ओव्हरलोडची परवानगी देऊ शकत नाही.

मापाचं पटकन सांगतो. रुंदी 2.6 मीटर, उंची 4 मीटर, आणि ट्रेलर नसलेल्या साध्या ट्रकची लांबी 12 मीटर. उंची जमिनीपासून मोजायची, मालासकट, ताडपत्रीसकट. कापूस, भुसा, रिकामे क्रेट भरताना वजन कमी असतं म्हणून हात सैल सुटतो आणि माल डाल्याबाहेर, म्हणजे बॉडीच्या बाहेर, फुगतो. एक साधा बांबू घ्या, त्यावर 4 मीटरला लाल रंगाची खूण करा, आणि माल बांधून झाला की गाडीशेजारी उभा करा, हमालसुद्धा बघून स्वतःच थांबतात. बॉडी बनवून घेत असाल तर मागचा लटकणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) 60 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नका, बॉडीवाला दोन फूट वाढवून देतो म्हणतो, पण आरटीओच्या तपासणीला गाडी अडकली की तो फोन उचलत नाही.

सळईचं मात्र थांबून सांगावं लागेल कारण लोहा मंडीत अजूनही रोज दिसतं. सळई 12 मीटरची येते, सहाचाकीचा डाला वीस-बावीस फुटांचा. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढायला परवानगी होती, ती 2014 मध्ये काढून टाकली, लाल फडकं बांधलं तरी चालत नाही. अंधारात मोटरसायकलवाल्याला ती टोकं दिसतच नाहीत, तो सरळ त्यावर जातो. आता डाल्याच्या बाहेर माल काढला की 20,000 चा वेगळा दंड आहे, बाजूने काढा, मागून काढा की ठरलेल्या उंचीच्या वर. तेव्हा सळई एक तर मधून वाकवून भरा, नाहीतर चाळीस फुटी ट्रेलर मागवा, भाडं जास्त लागेल ते व्यापाऱ्याला आधीच सांगा.

आता धूर. नव्या गाडीच्या धुराला सरकारने टप्पे ठरवलेत, त्यांना बीएस म्हणजे भारत स्टेज म्हणतात; 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, मधला पाचवा टप्पा सरकारने गाळलाच. डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10) झालं आणि मोठ्या इंजिनांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा एका युनिट कामामागे 3.5 ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. एवढं खाली आणायला सायलेन्सरच्या जागी अख्खा कारखाना बसवलाय, काजळी पकडणारा फिल्टर आणि यूरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा. आपल्याच शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे गाड्या तासनतास पळवून बघतात, पण ट्रॅकवर पास झालेली गाडी आपल्या हातात आल्यावर आपण तिला काय पाजतो त्यावर सगळं आहे.

यूरिया, म्हणजे डीईएफ, 32.5 टक्के शुद्ध यूरिया आणि बाकी साफ केलेलं पाणी असतं. शेतातला यूरिया बादलीत घोळून टाकणारे मी पाहिलेत, कृपा करून करू नका, त्यातली अशुद्धता नोझलमध्ये पांढरी खडीसाखरेसारखी जमते आणि मग पंपच बदलावा लागतो. सीलबंद कॅन घ्या, नरसाळं वेगळं ठेवा, डिझेलचं वापरू नका. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूच नका, आधी टाकी रिकामी करून धुवायची. डीईएफ संपू दिलं तर इंजिन ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी चढावर रांगते. काही मिस्त्री एक डबी लावून यूरिया बंद करून देतात, पैसे वाचतात म्हणे, ती डबी लावलेली गाडी बीएस-6 राहत नाही आणि तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

काजळीच्या फिल्टरचा पिवळा दिवा लागला की भाच्याला मी एकच सांगतो, दुर्लक्ष करू नको. हायवेला एका वेगात अर्धा-पाऊण तास गाडी चालली की बहुतेक वेळा फिल्टर स्वतः जळून साफ होतो. नाही झाला तर मोकळ्या जागी उभी करून बटण दाबून साफ करायचा, मात्र खाली वाळकं गवत, कागद, पेंढा नसावा कारण पाइप भयंकर तापतो. आणि ढाब्यामागे ड्रममधून मिळणारं स्वस्त डिझेल नकोच, दहा रुपये वाचवून फिल्टर घालवायचा कशाला.

पीयूसी, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट, नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, नंतर बीएस-4 आणि बीएस-6 ला दर वर्षी, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. तपासणीला इंजिन गरम करून जा, थंड इंजिन जास्त धूर टाकतं. बीएस-4 च्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा तपासणी यंत्राच्या आकड्यात 50 आहे, जुन्यांना 65. आकडा वर आला तर पैसे देऊन सर्टिफिकेट काढू नका, आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर निम्मं कारण तिथेच आहे. पीयूसी नसेल तर दंड 10,000 पर्यंत आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

जुनी गाडी घेत असाल तर आरसीवर बीएसचा रकाना आधी बघा आणि तुमचा माल कुठे जातो ते बघा. दिल्लीत 1 नोव्हेंबर 2025 पासून बाहेरच्या नंबरच्या बीएस-3 मालगाड्यांना प्रवेश बंद झालाय आणि बीएस-4 ला 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सवलत दिलीय. इंदूर-दिल्ली लाइन करायची असेल तर स्वस्तात मिळाली म्हणून बीएस-4 घेऊ नका. पुणे-मुंबईकडे जाणार असाल तर हे बंधन नाही, पण बाकी सगळं तेच.

फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याची तपासणी, नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी. जायच्या आधी स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, ताशी 80 किलोमीटरला आहे ना, मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी धड आहे ना, एवढं बघा. पट्टीवर धूळ बसून ती मेलेली असते, ओल्या फडक्याने पुसली की निम्म्या वेळा नवी घ्यावी लागत नाही. भाच्याने केबिनच्या दारावर आतून खडूने चार आकडे लिहून ठेवलेत, 18.5, 6.7, 11.5 आणि 4 मीटर, आणि आता संध्याकाळी फोन आला तर तो बहुतेक भाड्याचं विचारायला असतो.